जुन्या घरात स्मार्ट थर्मोस्टॅट बसवण्याआधी वायरिंग तपासा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गोव्यातील जुन्या कौलारू घरांत मोबाइलवरून चालणारी विजेची उपकरणे आता सर्रास बसवली जात आहेत. नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यात किंवा परदेशात असलेली मंडळी चवथीला, जत्रेला मूळ घरी येतात, तेव्हा दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरल्या उतरल्या घरचा गिझर लावून ठेवावा, असे त्यांना वाटते. गावात एकटे राहणारे आईवडील गिझर बंद करायला विसरतात, ही मुलांची काळजीही खरी आहे. ज्यांनी जुन्या घराच्या दोन-तीन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या आहेत, त्यांना पाहुणे निघून गेल्यावरही चालू राहिलेल्या गिझरचे आणि वातानुकूलन यंत्राचे बिल जड जाते. या सगळ्यांना स्मार्ट थर्मोस्टॅट, स्मार्ट प्लग, स्मार्ट स्विच यांचा उपयोग आहे आणि माझा त्याला मुळीच विरोध नाही. आयुष्यभर वायरिंगचे काम केलेला आणि ते मुलांना शिकवलेला माणूस म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की ही उपकरणे ज्या वायरिंगवर बसतात ते आधी तपासले गेले पाहिजे, आणि आज बहुतेक ठिकाणी ते तपासले जात नाही.

थर्मोस्टॅट ही वस्तू नवी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील वॉरेन जॉन्सन या शिक्षकाने खोलीचे तापमान विजेच्या साह्याने नियंत्रित करणाऱ्या थर्मोस्टॅटचे पेटंट १८८३ मध्ये घेतले. ठरावीक तापमान आले की प्रवाह तोडायचा आणि तापमान उतरले की तो पुन्हा जोडायचा, हे त्याचे काम तेव्हापासून आजपर्यंत तेच आहे. थंड देशांत हा थर्मोस्टॅट भिंतीवर असतो आणि तळघरातील भट्टीला किंवा बॉयलरला हुकूम देतो. अमेरिकेतील जुन्या घरांत त्यासाठी २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो आणि भिंतीतून बहुधा दोनच तारा आलेल्या असतात, कारण जुना थर्मोस्टॅट म्हणजे निव्वळ एक स्विच होता आणि त्याला स्वतःसाठी वीज लागत नव्हती. नव्या स्मार्ट थर्मोस्टॅटला पडदा आहे, वायफाय आहे. त्याला अखंड वीज लागते आणि त्यासाठी तिसरी तार लागते, जिला तिकडे ‘सी वायर’ म्हणतात. ती नसेल तर भिंतीतून नवी तार ओढावी लागते किंवा वेगळा ॲडॉप्टर बसवावा लागतो. शिवाय ज्या घरांत भिंतीच्या तळाशी विजेचे हीटर थेट २४० व्होल्टवर चालतात, तेथे २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट जोडला तर तो जळतो आणि आगही लागू शकते. ब्रिटनमध्ये, जिथे आपली अनेक गोमंतकीय कुटुंबे स्थायिक झाली आहेत, पुष्कळ बॉयलरांचे नियंत्रण थेट घरच्या २३० व्होल्टवर असते, त्यामुळे तिथला प्रश्न आणखी वेगळा. म्हणून त्या देशांत असे उपकरण बसवताना पहिली सूचना एकच असते : मेन स्विच बंद करा, जुन्या थर्मोस्टॅटचे झाकण काढा आणि कोणती तार कुठे जोडलेली आहे ते पाहा.

आपल्याकडे उपकरण आले, पण त्याच्याबरोबर ती पहिली सूचना आली नाही.

गोव्याच्या घरात खोली तापवण्याचा प्रश्न नाही. तापवायचे असते ते न्हाणीतले पाणी. पूर्वी न्हाणीत तांब्याचे भाण चुलीवर बसवलेले असे आणि लाकडे, नारळाच्या करवंट्या, पिडे यांवर पाणी तापत असे. गावोगावी वीज पोहोचली ती बव्हंशी १९६१ नंतर. म्हणजे घर आधीचे आणि वायरिंग नंतरचे. चिऱ्याच्या जाडजूड भिंती फोडण्यापेक्षा लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा नेल्या गेल्या. तेव्हाचा भार म्हणजे चार-सहा दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ. पुढे त्याच तारांवर मिक्सर आला, फ्रीज आला, पंप आला आणि शेवटी दोन किलोवॅटचा गिझर आला. प्रत्येक वेळी कोणीतरी आधीच्या जोडणीतून एक फाटा काढला. जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट वीज खात्याला द्यावा लागतो; पण तो दिला गेला त्याला काही घरांत दोन पिढ्या झाल्या. मीटरच्या पुढची जबाबदारी घरमालकाची असल्यामुळे खात्याचा लाइनमन खांबापासून मीटरपर्यंत पाहतो आणि त्यापुढे कोणीच पाहत नाही.

फोंडा तालुक्यातील एका घरी मला अलीकडे बोलावणे आले होते. घरातील वयस्क काकी म्हणाल्या, न्हाणीतला नळ सोडताना हाताला मुंग्या येतात. आठवड्यापूर्वीच एका दुकानातून आलेल्या मुलाने गिझरला स्मार्ट प्लग लावून दिला होता आणि त्यांचा मुलगा बंगळुरूहून तो चालू-बंद करत होता. मी फोनवर मुलाला गिझर बंद करायला सांगितले. प्लगवरचा दिवा विझला, त्याच्या मोबाइलवरही ‘बंद’ असे दिसले. नंतर गिझरचे खालचे झाकण काढून टर्मिनलला टेस्टर लावला, तर तो लख्ख पेटला. सॉकेट तपासल्यावर कारण कळले. अर्थचे मोठे छिद्र वर धरून समोरून पाहिले, तर आपल्याकडे फेज, म्हणजे वीज आणणारी तार, उजव्या छिद्रात असायला हवी. या सॉकेटमध्ये ती डाव्या छिद्रात होती. दोन्ही तारा एकाच काळ्या रंगाच्या होत्या, तेव्हा ज्याने कोणी त्या वर्षानुवर्षांपूर्वी जोडल्या, त्याने अंदाजाने जोडल्या असणार.

हा दोष किती गंभीर आहे, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळ्या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. बहुतेक स्मार्ट प्लगांच्या आत एकच रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, असतो आणि तो दोनपैकी एकच तार तोडतो, जिच्यात फेज असायला हवी ती. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) उलटसुलट असतील, तर प्लग न्यूट्रल तोडतो. गिझर तापायचा थांबतो, म्हणून तो बंद झाला असे सर्वांना वाटते. पण आतली कॉइल पूर्ण २३० व्होल्टच्या संपर्कात तशीच राहते. प्लगला यात काही चुकले आहे हे समजण्याचा मार्ग नाही, कारण त्याला स्वतःला चालायला वीज मिळतेच आहे आणि आज्ञाही तो बिनचूक पाळतो आहे. कॉइलचे आवरण जुनेपणाने किंवा क्षारांनी खराब झाले असेल, तर तीच वीज टाकीच्या पत्र्यात आणि पाण्यात उतरते. माणूस मोबाइलवर ‘बंद’ पाहून निर्धास्त न्हाणीत जातो, आणि ओल्या अंगाने, ओल्या जमिनीवर उभा राहून, नळाला हात लावतो.

अशा वेळी वाचवायला असते ते अर्थिंग, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणारी जोडणी. त्या घरी सॉकेटच्या अर्थच्या छिद्रातून एक हिरवी तार निघाली होती, लाकडी पट्टीवरून भिंतीच्या भोकातून बाहेर गेली होती आणि पाण्याच्या लोखंडी पाइपला पट्टी आवळून बांधली होती. पट्टी गंजली होती, पण तार जागेवर होती. मात्र त्या पट्टीच्या हातभर खाली पाइप कापलेला होता आणि तिथून पुढे टाकीपर्यंत पांढरा प्लास्टिकचा पाइप जोडला होता. नळदुरुस्ती करणाऱ्याने पाइप फुटला म्हणून तो बदलला, पाणी व्यवस्थित येऊ लागले, आणि त्या क्षणी घराचे अर्थिंग संपले. ते कोणाच्या लक्षात येण्याचे काही कारणच नव्हते. आपल्या जुन्या घरांत पाण्याच्या पाइपला अर्थ बांधण्याची पद्धत मी असंख्य ठिकाणी पाहिली आहे, आणि गेल्या काही दशकांत लोखंडी पाइप जाऊन प्लास्टिकचे पाइप आले नाहीत असे घर विरळा. वाचकांना माझी विनंती आहे, की या पत्रातील बाकी काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण आपल्या न्हाणीच्या मागे जाऊन हिरवी तार कुठे जाते ते एकदा अवश्य पाहा.

ज्यांच्या घरी अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा आहे, त्यांनीही तो तपासून घ्यावा. आपली चिऱ्याची, लाल जांभी जमीन पावसाळ्यात ओलावा धरते, पण मार्च-एप्रिलमध्ये ती कोरडी ठणठणीत होते आणि तिचा विजेला होणारा रोध वाढतो. जुलैत चांगले वाटणारे अर्थिंग मे महिन्यात निरुपयोगी ठरलेले असू शकते. म्हणून मोजमाप उन्हाळ्यात करावे, अर्थ टेस्टरने करावे, आणि खड्ड्यात पाणी ओतून लगेच मोजण्याचा सोयीस्कर मार्ग टाळावा.

एमसीबी (जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा स्विच) बसवली आहे, आता भीती नाही, असा एक मोठा गैरसमज आहे. एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नाही. सोळा अँपिअरची एमसीबी तुटण्यासाठी सोळाहून अधिक अँपिअर प्रवाह वाहावा लागतो. माणसाचा जीव जायला त्याचा अगदी लहानसा अंशही पुरतो. माणसाच्या रक्षणासाठी आरसीसीबी लागते, जिला पुष्कळ लोक अजून ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तर ती क्षणार्धात पुरवठा तोडते. जुन्या घरांत ती बसवली की वारंवार ट्रिप होते, आणि मग वायरमन ती काढून टाकतो किंवा तिला वळसा घालून तार नेतो. ती ट्रिप होते आहे म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडले आहेत. हा दोष शोधण्याचे काम कंटाळवाणे असते, अर्धा दिवस खाते, आणि त्याचे पैसे द्यायला घरमालक नाखूश असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही आरसीसीबी काढून टाकलेल्या घरात गिझरला दूरनियंत्रण लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता प्रत्यक्ष थर्मोस्टॅटकडे येतो. साठवणीच्या प्रत्येक गिझरमध्ये आधीपासूनच एक थर्मोस्टॅट असतो आणि त्याच्या जोडीला अतितापाचा कटआउट असतो. थर्मोस्टॅट बिघडून चिकटला आणि पाणी तापतच राहिले, तर कटआउट प्रवाह तोडतो. तिसरे संरक्षण म्हणजे दाब वाढल्यावर पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. बाहेरून लावलेल्या स्मार्ट प्लगला आतल्या पाण्याचे तापमान कळत नाही. त्याला फक्त वेळ कळते आणि आज्ञा कळते. ज्याच्या आत तापमान मोजणारा सेन्सर असून जो त्यानुसार कॉइल चालवतो, तोच खरा स्मार्ट थर्मोस्टॅट, आणि तो गिझरबरोबर कंपनीनेच बसवलेला असावा. परंतु बाजारात दोन्हींना एकाच नावाने विकले जाते, आणि त्यातून एक अत्यंत धोकादायक प्रकार मी पाहिला आहे. गिझरचा आतला थर्मोस्टॅट बिघडलेला असतो. नवा आणण्याऐवजी वायरमन दोन तारा एकत्र पिळून गिझर ‘डायरेक्ट’ करतो आणि म्हणतो, आता मोबाइलवर टायमर आहेच, वीस मिनिटांनी आपोआप बंद होईल. काही वेळा कटआउटलाही असाच वळसा घातलेला असतो. वायफाय गेले, टायमर चुकला, रिले चिकटला, तर पाणी उकळते, वाफेचा दाब चढतो, आणि क्षारांनी अडकलेला व्हॉल्व्ह उघडला नाही तर टाकी फुटते. गिझर डायरेक्ट करून देणाऱ्या माणसाला पुन्हा घरात घेऊ नये.

तापमान किती ठेवावे, याबद्दलही बरीच अनभिज्ञता आहे. पंधरा लिटर पाणी २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते आणि दोन किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी सुमारे १७ मिनिटे लागतात. तेच पाणी ७५ अंशांपर्यंत नेले, तर सुमारे ०.८४ युनिट आणि २५ मिनिटे. आपल्या हवेत ७५ अंशांचे पाणी कोणाला हवे असते? खरी बचत आहे ती गिझर दिवसभर चालू न ठेवण्यात, कारण टाकीतून उष्णता सतत निसटत राहते आणि थर्मोस्टॅट ती पुन्हा पुन्हा भरून काढतो. गिझरवरचे वीजबचतीचे तारे मुख्यतः हीच निसटणारी उष्णता मोजून दिलेले असतात. मात्र बचतीच्या हौसेने तापमान ४० अंशांवर ठेवून पाणी दिवसेंदिवस टाकीत साठवून ठेवणेही योग्य नाही, कारण साधारण २५ ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात लेजिओनेला हे फुप्फुसाचा आजार घडवणारे जंतू वाढतात. ६० अंशांपर्यंत तापवावे आणि बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम घ्यावे. वृद्धांसाठी आणि मुलांसाठी हा क्रम फार महत्त्वाचा आहे. घर महिनोन् महिने बंद असेल, तर आल्यावर टाकी पूर्ण तापवून पहिले पाणी सोडून द्यावे.

बंद घराचा प्रश्न येथेच येतो. पूर्वी घराला कुलूप लावताना मेन स्विच खाली पाडण्याची चांगली सवय होती. मोबाइलवरून गिझर लावायचा, तर मेन स्विच आणि वायफायचा राउटर कायम चालू ठेवावा लागतो. म्हणजे उंदरांनी कुरतडलेल्या, ओल धरलेल्या जुन्या तारांत कोणी नसतानाही वीज खेळत राहते. त्यात पावसाळ्यात पुरवठा जातो-येतो. वीज परत आल्यावर प्लग चालू व्हावा, बंद राहावा की आधीच्या स्थितीत जावा, हे ॲपमध्ये निवडता येते. पण ते बसवणाऱ्याने सांगितले नाही तर कोणी पाहत नाही. गिझरसाठी ते नेहमी ‘बंद’वरच असले पाहिजे. टाकीत पाणी आहे की नाही हेही बंगळुरूहून कळत नाही, आणि कोरड्या टाकीत कॉइल चालू झाली तर ती जळते. माझा सल्ला असा, की बंद घरात एक स्वतंत्र सर्किट काढावे, त्यावर फक्त राउटर आणि आवश्यक तेवढे दिवे ठेवावेत, आणि गिझर शेजारच्यांनी किंवा घरी पोहोचल्यावर स्वतःच लावावा. सतरा मिनिटे थांबण्यात कोणाचे काही बिघडत नाही.

प्लगच्या क्षमतेबद्दल थोडक्यात. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा १३ अँपिअर. दहा अँपिअरचा स्मार्ट प्लग मोठ्या गिझरला लावणे चूक आहेच, पण सोळा अँपिअरचा प्लगही जर सैल झालेल्या जुन्या सॉकेटमध्ये खुपसला, तर पिनांपाशी उष्णता निर्माण होऊन बेकेलाइट काळे पडते. समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या हवेने पितळी टर्मिनलांवर हिरवा थर चढतो आणि तिथली जोडणी आणखी कच्ची होते. सॉकेट हाताला गरम लागत असेल तर ताबडतोब वापर थांबवावा. भिंतीतील बोर्डात स्मार्ट स्विच बसवायचा असेल तर तिथे न्यूट्रलची तार हवी असते, आणि जुन्या बोर्डांत कित्येकदा फक्त फेज आणि दिव्याकडे जाणारी तार एवढेच असते. अमेरिकेतील त्या तिसऱ्या तारेचाच हा आपल्याकडचा प्रकार. ती नाही म्हणून काही जण न्यूट्रलच्या जागी अर्थची तार वापरतात. तसे करणे पूर्णपणे निषिद्ध आहे. गॅसच्या गिझरला तर कोणतेही दूरनियंत्रण लावण्याचा विचारही करू नये, कारण बंद न्हाणीत त्याच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो.

वातानुकूलन यंत्राची गोष्ट तुलनेने सोपी आहे. तिथे भिंतीवर लावलेला स्मार्ट नियंत्रक बहुधा रिमोटचेच काम करतो आणि यंत्राचा स्वतःचा थर्मोस्टॅट आत शाबूत असतो. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांचे आरंभीचे तापमान २४ अंशांवर असणे केंद्राने बंधनकारक केले, आणि प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो. पण उघड्या कौलांखाली यंत्र लावले, तर गार हवा फटींतून जाते, ठरवलेले तापमान येतच नाही आणि कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही. तिथे थर्मोस्टॅटपेक्षा छताला आतून आच्छादन करण्यावर पैसे खर्च करावेत. गिझर आणि यंत्रे वाढवली असतील तर मंजूर भारही वाढवून घ्यावा.

या विषयाकडे आत्ताच लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर आणण्याची तरतूद केली. स्मार्ट मीटर बसल्यावर सौर तासांत, म्हणजे दिवसा ऊन असतानाच्या तासांत, वीज नेहमीच्या दरापेक्षा १० ते २० टक्क्यांनी स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग, अशी ती रचना आहे. ती घरोघरी लागू झाली, की दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी तापवून ठेवणारा थर्मोस्टॅट प्रत्येकाला हवासा वाटेल, आणि आज काही घरांत होत असलेले काम सगळ्या गावात होऊ लागेल. त्याआधी तपासणीची व्यवस्था उभी राहिली पाहिजे.

म्हणून माझ्या काही मागण्या आहेत. वीज खात्याने प्रत्येक उपविभागात, ठरावीक माफक शुल्क घेऊन, घरातील वायरिंगची तपासणी करून देण्याची सोय करावी. ग्राहकाने अर्ज केला की मेगरने (तारांच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तारांचे आवरण, अर्थ टेस्टरने अर्थिंग, सॉकेटांतील फेज-न्यूट्रलची बाजू आणि आरसीसीबीचे काम तपासून लेखी अहवाल मिळावा. मेगर लावण्यापूर्वी स्मार्ट उपकरणे काढून ठेवावी लागतात, नाहीतर ५०० व्होल्टच्या चाचणीत ती निकामी होतात. हे ठाऊक असलेली माणसेच या कामावर नेमावीत. विजेच्या बिलाच्या मागे, मराठीत आणि कोकणीत, गिझरविषयीच्या चार सूचना छापाव्यात. पणजी, म्हापसा, मडगाव येथील आयटीआयमध्ये वायरमनचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना जुन्या घरातील वायरिंगवर नवी उपकरणे बसवण्याचे प्रात्यक्षिक द्यावे, आणि आधीपासून या धंद्यात असलेल्यांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग घ्यावेत, कारण ते दिवसा रजा घेऊन येऊ शकत नाहीत. ही मुले मेहनती आहेत. त्यांना कोणी शिकवलेच नाही, तर दोष त्यांचा एकट्यांचा नाही.

विक्रेत्यांनीही घरी जाऊन उपकरण बसवताना सॉकेट तपासल्याची नोंद पावतीवर करावी. टेस्टरने दोन छिद्रे पाहायला अर्धे मिनिट लागते. जुनी घरे पर्यटकांना देणाऱ्यांची नोंदणी पर्यटन खात्याकडे १९८२ च्या कायद्याखाली होतेच; त्या नोंदणीच्या आणि नूतनीकरणाच्या वेळी परवानाधारक कंत्राटदाराचा ताजा टेस्ट रिपोर्ट मागावा. अनोळखी घरात आलेल्या पाहुण्याला तिथल्या न्हाणीतली हिरवी तार कुठे संपते हे कधीच कळणार नसते.

फोंडा तालुक्यातील त्या घरी आम्ही सॉकेटच्या तारा योग्य बाजूंना लावल्या, परसात नवा अर्थिंगचा खड्डा घेतला, गिझरची कॉइल बदलली, मेन स्विचजवळ आरसीसीबी बसवली आणि मगच स्मार्ट प्लग पुन्हा लावला. एवढ्या सगळ्याचा खर्च नव्या गिझरच्या किमतीहून फारसा अधिक आला नाही. चवथ जवळ आली की गावोगावची बंद घरे उघडतात आणि वर्षभर न वापरलेले गिझर एकाच आठवड्यात चालू होतात. वीज खात्याने तपासणीची सोय निदान त्या आठवड्यापूर्वी, गावोगावच्या पंचायत कार्यालयांत शिबिरे भरवून सुरू करावी, आणि आपण हे पत्र छापून ती मागणी वीजमंत्र्यांपर्यंत पोहोचवावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वीजतंत्र निदेशक,
फोंडा, गोवा